काल नोकर, आज गिऱ्हाईक

मोठ्या शहरात दुकानातला माणूस काम सोडून गेला की तो गर्दीत दिसेनासा होतो. आमच्या तीर्थपुरीसारख्या गावात तसं होत नाही. इथे काम सोडलेला माणूस त्याच गल्लीत राहतो, जुम्म्याला त्याच मशिदीत शेजारच्या सफमध्ये उभा राहतो, त्याच लग्नात पंगतीला बसतो. आणि आज ना उद्या हातात पिशवी घेऊन त्याच दुकानाच्या पायरीवर येतो. ज्या गल्ल्यामागे उभं राहून त्याने वर्षानुवर्षं माल काढून दिला, त्याच गल्ल्यासमोर आता तो पैसे घेऊन उभा असतो. मालकालाही सुचत नाही काय बोलावं, आणि त्यालाही.

आम्ही शाळेतली माणसं. दुकानदार आमचे पालक आणि दुकानातले पोरगे आमचे जुने विद्यार्थी. त्यामुळे दोन्हीकडच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. मालक म्हणतात, "सर, तो येतो आणि अजून दुकान त्याच्याच हातात असल्यासारखा वागतो." पोरगा म्हणतो, "सर, मी रोख पैसे देऊन माल घेतो, तरी मला चार लोकांत 'ए' म्हणून हाक मारतात." ऐकायला दोन्ही गोष्टी छोट्या वाटतात. पण यातूनच दोन घरांचं बोलणं बंद होतं, कधी भांडण जमातीपर्यंत जातं. म्हणून या महिन्यात याच विषयावर चार गोष्टी बोलूया.

अवघडपणा कशाचा?

पहिली गोष्ट, या गिऱ्हाइकाला दुकान आतून माहीत असतं. कोणता माल कितीला येतो, तूरडाळीच्या कोणत्या पोत्यात काय आहे, कोणाची उधारी किती थकली आहे, सगळं त्याला ठाऊक असतं. अनेक कापड दुकानांत खरेदीचा भाव अक्षरांत लिहायची जुनी रीत आहे. दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा आणि एकेका अंकाला एकेक अक्षर द्यायचं. गिऱ्हाइकाला चिठ्ठीवरची अक्षरं वाचता येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. या पोराने मात्र त्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने चिकटवलेल्या असतात. त्याच्यासमोर "परवडत नाही हो, घरातच एवढ्याला पडतो" हे वाक्य मालकाच्या तोंडून निघत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मराठीत 'ये' आणि 'या' यांत फक्त एका मात्रेचा फरक आहे. आपल्या घरच्या दखनीत 'तू' आणि 'तुम' तसेच. पण माणसाची किंमत त्या फरकातच ठरते. पंधरा-सोळाव्या वर्षी कामाला लागलेल्या पोराला मालकाने 'अरे' म्हटलं, त्यात काही वावगं नव्हतं. आता तो पंचवीस-तीस वर्षांचा आहे, सोबत बायको आहे, कधी सासरेही आहेत. त्यांच्यासमोर "काय रे, आज इकडे कसा?" असं विचारलं तर मालकाच्या दृष्टीने ती आपुलकी असते, पण त्याच्या सासऱ्याच्या दृष्टीने जावयाची पायरी दाखवणं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात खोल. तो गेला तेव्हा हिशेब मिटला होता का? आम्ही जेवढ्या तक्रारी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी हेच निघालं. मालक म्हणतो, त्याच्याकडे माझी ऊचल राहिली. पोरगा म्हणतो, माझा पंधरा दिवसांचा पगार राहिला. दोघांनीही त्या वेळी ते बोललं नाही. मग पाच वर्षांनी साखरेच्या पुड्यावरून ते बाहेर येतं.

हिशेब जाण्याच्या दिवशीच करा

म्हणून जुन्या नोकराशी कसं वागावं याची तयारी तो गिऱ्हाईक म्हणून येतो त्या दिवशी होत नाही. ती तो काम सोडून जातो त्या दिवशी करायची असते.

कायदाही हेच सांगतो. १९३६ च्या वेतन कायद्यात मालकाने कामावरून काढलेल्या माणसाचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायची तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेने ती आणखी पक्की केली. माणसाला काढलं असो की त्याने स्वतः काम सोडलं असो, त्याचा उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत हातात पडला पाहिजे. "पुढच्या महिन्यात ये, बघू" याला कायद्यात जागा नाही.

पाच वर्षं किंवा त्याहून जास्त राबलेल्या माणसासाठी १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे ग्रॅच्युइटी लागू होते. आपल्या बहुतेक दुकानांत दोन-तीनच माणसं असतात, त्यामुळे कायदा आपल्याला बांधत नाही. पण त्यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, त्याला १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. महिना १०,४०० रुपये पगार असेल तर रोज ४०० रुपयांचा झाला, पंधरा दिवसांचे ६,०००. सहा वर्षं काम केलं असेल तर ३६,००० रुपये. छोट्या दुकानदाराला एवढी रक्कम एकदम काढणं जड जातं, हे आम्हाला कळतं. पण ज्याने सहा वर्षं सकाळी दुकानाचं शटर उचललं, त्याला शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवू नये. जमेल ते द्यावं, घरातल्या मोठ्यांसमोर द्यावं आणि "आमच्याकडून काही राहिलं असेल तर आत्ताच सांग" असं विचारावं. एवढं एक वाक्य त्या वेळी विचारलं तर पुढच्या दहा वर्षांची कटकट टळते.

ऊचलीचंही तसंच. आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या जातात, त्यामुळे ऊचल काय असते आणि ती माणसाला कशी बांधते हे कुणाला नव्याने सांगायला नको. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवायची पद्धत १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद केली. दुकानातल्या पोरालाही "आधी पैसे फेड, मग जा" म्हणून अडवता येत नाही. तो जात असेल तर जाऊ द्यावं. राहिलेले पैसे कागदावर लिहावेत, हप्ता ठरवावा, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्यावेत. कुरआनच्या सूरह बकरामध्ये देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि त्याच्याच थोडं आधी अडचणीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यायलाही सांगितलं आहे. दोन्ही सूचना जवळजवळ आहेत. आपण एक पाळतो आणि दुसरी विसरतो.

मजुरी मागायला परत आलेला माणूस

सहीह बुखारीमध्ये मजुरीच्या प्रकरणात ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. गुहेत अडकलेल्या तिघांची गोष्ट आपल्या घरांतल्या मुलांना पाठ असते. दरड कोसळून गुहेचं तोंड बंद होतं आणि तिघे आपापल्या एकेका नेक कामाचा वास्ता देऊन दुआ मागतात. त्यांतला एक जण सांगतो की त्याच्याकडे धान्याच्या एका मापावर ठरलेला मजूर होता. तो आपली मजुरी न घेताच निघून गेला. मालकाने ते धान्य पेरलं, त्यातून वाढ होत गेली, गाई-बैल झाले, राखणदार ठेवला. बऱ्याच काळाने तो मजूर परत आला आणि आपलं धान्य मागू लागला. मालकाने जनावरांकडे बोट दाखवून सांगितलं की ती सगळी तुझीच. मजुराला ते खरं वाटेना. आपली थट्टा चालली आहे असंच त्याला वाटलं. शेवटी तो सगळं घेऊन गेला.

ही गोष्ट सांगताना आपण मालकाच्या इमानदारीवर थांबतो, आणि ते बरोबरच आहे. पण परत आलेल्या मजुराकडेही पाहा. तो गोड बोलत आलेला नाही. मालकाच्या नेकीवर त्याचा विश्वास बसत नाही. आपल्या दुकानात येणारा जुना माणूस असाच असतो. थोडा तोंडाळ, थोडा संशयी. मालकाने त्याच्या बोलण्याचं वाईट वाटून घेतलं नाही, "तेव्हा कुठे गेला होतास" असंही विचारलं नाही. आधी त्याचं त्याला देऊन टाकलं. ज्याचा हिशेब राहिला असेल त्याच्यासाठी आजही वेळ गेलेली नाही. तो पुढच्या वेळी दुकानात येईल तेव्हा पैसे पाकिटात घालून तयार ठेवावेत.

गल्ल्यासमोर कसं वागावं

हिशेब मिटला असला तरी रोजचे प्रसंग उरतातच. आमच्या कानावर आलेले काही प्रकार आणि त्यावर जाणत्या दुकानदारांनी काढलेले मार्ग असे.

तो थेट गल्ल्यामागे येतो, फळीवरचा डबा स्वतः उतरवतो. हातांना सवय असते, त्यात मुद्दाम काही नसतं. त्याला ओरडू नका, हसण्यावारीही नेऊ नका. "तुम्ही बसा, आता काढून द्यायची पाळी आमची आहे" असं म्हणून खुर्ची पुढे करा. मान राखला जातो आणि हद्दही कळते. पोऱ्याला त्याच्यावर नजर ठेवायला उभं करणं मात्र टाळा. ते त्याला लगेच कळतं, कारण हे काम कधीतरी त्याच्याकडेही होतं.

तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "शेठ, हा माल कितीला येतो ते मला माहीत आहे." इथे बरेच जण चिडतात. चिडायचं कारण नाही. "खरं आहे, तुम्हाला माहीत आहे. भाडं, लाईट, पोरांचा पगार किती जातो तेही तुम्हाला माहीत आहे," एवढं शांतपणे म्हणावं आणि सगळ्यांना जो भाव तोच लावावा. जो भाव लपवावा लागत नाही, तो सांगितला म्हणून दुकान बुडत नाही. त्याला गप्प करायला पाच रुपये कमी केले, तर शेजारी उभ्या असलेल्या बाईला ते दिसतं. मग तो गेल्यावर तीही पाच रुपये मागते.

तो उधारी मागतो. जुन्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. पण दुकानाचा उधारीचा जो नियम असेल तोच त्यालाही लावावा. सगळ्यांना महिनाभराची उधारी देत असाल आणि त्याला एकट्याला नाही म्हणाल, तर तो जुना राग आहे. कुणालाच देत नसाल आणि त्याला देत असाल, तर उद्या ती वसूल करताना जुनं-नवं सगळं एकत्र निघेल.

त्याच्याकडे ऊचल राहिली आहे आणि तो रोख माल घ्यायला आला आहे. ३२० रुपयांच्या मालासाठी त्याने पाचशेची नोट दिली आणि मालकाने १८० रुपये परत न देता "जुन्यात धरले" म्हटलं. असं कधीच करू नका. ती नोट त्याने मालासाठी दिली होती, आणि घरी त्या १८० रुपयांत दूध किंवा औषध आणायचं असेल. आजचा सौदा आजचा. जुनं देणं मागायला त्याच्या घरी जावं किंवा इशानंतर त्याला बाजूला घेऊन बोलावं. गिऱ्हाइकांसमोर, आणि त्याच्या बायको-मुलांसमोर तर नाहीच नाही.

तो आजच्या पोरांशी गप्पा मारत उभा राहतो, "दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतात" असं कानात सांगतो. कामाच्या वेळी गप्पा नकोत हा नियम सगळ्यांसाठी ठेवावा. पण हजार रुपयांसाठी पोरं खरंच निघून जाणार असतील, तर ती तक्रार त्याच्याविषयी करून भागणार नाही. पगाराची वही पुन्हा बघावी लागेल.

सर्वांत कठीण तो, ज्याच्यावर गल्ल्यातल्या पैशांचा संशय होता. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चोरी सिद्ध झाली असेल तर त्याला गल्ल्यापाशी बसवू नका, उधार देऊ नका, पुन्हा कामावर घेऊ नका. तो तुमचा हक्क आहे. पण नुसता संशय असेल तर तो जिभेवर आणू नका. सूरह हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहायला सांगितलं आहे ते अशाच जागी आठवायचं असतं. आणि दोन्ही बाबतींत रोख पैसे देऊन माल घेणाऱ्याला पूर्ण मापाने माल मिळालाच पाहिजे. कुणाविषयीचा राग इन्साफाच्या आड येऊ देऊ नका, असं सूरह माइदा सांगते. तो राग तराजूच्या पारड्यात बसू देऊ नका.

घरातल्या बायांसाठी

हा प्रश्न फक्त दुकानांचा नाही. आपल्या कितीतरी भगिनी घरी शिलाई करतात. काज-बटण आणि फॉल लावायला एखादी मुलगी ठेवतात. तिचं लग्न होतं, ती जाते, आणि वर्षाने तीच ब्लाऊज शिवायला टाकायला येते. ती सवयीने मशीनजवळ जाऊन कात्री उचलते. "आपा, काखेत थोडं सोडा ना, तुम्ही नेहमी घट्ट करता," असं म्हणते. ती खरंच बोलते, कारण तक्रार घेऊन आलेल्या बायांचे कपडे तिनेच उसवले होते. तिचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. बाकीच्या गिऱ्हाईक बाया जे तुमच्या तोंडावर बोलत नाहीत ते ती बोलते. शिलाई मात्र तिच्याकडूनही पूर्ण घ्यावी. "तुझ्याकडून काय घ्यायचे" म्हणून फुकट शिवलं, तर तिचा कपडा सगळ्यांच्या मागे पडून राहतो आणि पैसे दिलेले नसल्यामुळे तिला विचारताही येत नाही.

सोडून गेलेल्यांनाही दोन शब्द

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आम्ही हेही सांगतो. तुम्ही ज्या दुकानात राबलात तिथलं जे काही पाहिलं ते अमानत आहे. मालकाच्या घरातलं भांडण, कुणाची थकलेली उधारी, खरेदीचा भाव, हे चहाच्या टपरीवर सांगायचं नाही. मापात खोट असेल, माल खराब विकला जात असेल तर ती गोष्ट वेगळी. ती मालकाला तोंडावर सांगा. पगार राहिला असेल तर तोही सरळ मागा, लिहून मागा. आत मनात राग ठेवून बाहेर भावावरून हुज्जत घालू नका. आणि ऊचल राहिली असेल तर महिन्याला पाचशे का होईना, स्वतः होऊन नेऊन द्या. एकदा ते फिटलं की त्या दुकानाची पायरी चढताना तुमची मान आपोआप ताठ होईल.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यांतले काही पोरगे उद्या स्वतःची टपरी टाकतात, बाजूच्या खेड्यात किराणा सुरू करतात. सुरुवातीला माल आणायला त्यांना जालन्याला जाणं परवडत नाही. कुठे जातील? जिथे शिकले तिथेच, जर गेल्या दिवशीचा निरोप नीट झाला असेल तर. त्यांना घाऊक भाव द्यावा आणि बरकतीची दुआ द्यावी. दुकानातून शिकून गेलेला माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला, तर त्यात दुकानाचंही नाव होतं.

ईदच्या आधीची रात्र

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तरावीहनंतर कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्याच गर्दीत तो येतो, बायको आणि दोन मुलं घेऊन. मुलाला घेऊन बाप आपल्या जुन्या दुकानात आला आहे. मूल मालकाच्या तोंडाकडे बघतं आणि आपल्या बापाला इथे काय मान आहे ते शिकतं. त्या वेळी मालकाने "या भाई, बसा, बच्च्यांना पाणी द्या रे" असं म्हटलं, तर मालकाचे काही पैसे जात नाहीत. त्या मुलाला मात्र ते आयुष्यभर पुरतं.

ह. अनस बिन मालिक (रजि.) दहा-एक वर्षांचे असताना मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. पुढे मोठे झाल्यावर त्यांनीच लोकांना सांगितलं की त्या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी 'उफ' म्हटलं नाही, केलेल्या कामाबद्दल हे का केलंस असं विचारलं नाही. प्रेषितांच्या (स.) घरातल्या वागण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच या सेवकाच्या तोंडून आलं आहे. आपल्या दुकानातून आणि घरातून काम करून गेलेली माणसंही आपल्याबद्दल कुठेतरी बोलत असतात. त्यांनी काय सांगावं, हे आपण त्यांना आज कसं बसवतो आणि माल कसा मोजून देतो, त्यावर ठरतं.

या ईदच्या आधी प्रत्येक दुकानदाराने जुनी वही काढून एक गोष्ट तपासावी. काम सोडून गेलेल्या कुणाचं काही द्यायचं राहिलं आहे का? राहिलं असेल तर तो माल घ्यायला येण्याची वाट पाहू नये. स्वतः त्याच्या घरी जाऊन देऊन यावं.